मोठ्या वर्गातली मुलं वेलबीइंगचा सर्व्हे नुसता उरकून टाकतात, काय करावं?

वर्गशिक्षिका: आमच्याकडे दर सत्राला मुलांच्या मनःस्वास्थ्याचा सर्व्हे असतो. लहान मुलं मन लावून भरतात पण १५-१६ वर्षांची मुलं सरळ मधल्या पर्यायावर वरपासून खालपर्यंत टिक मारून मोकळी होतात. एकाने तर "मला एकटं वाटतं" आणि "मन मोकळं करायला माझ्याजवळ कोणीतरी असतं" दोन्हींना "नेहमी" केलंय आणि खाली लिहिलंय, मागच्या वेळचंच धरा. ओरडून उपयोग नाही हे कळतंय, पण यात खरंच कोणी त्रासात असेल तर ते मूल आम्हाला दिसणारच नाही, याची काळजी वाटते.

समुपदेशक: मॅडम, मागच्या सर्व्हेत काय निघालं ते मुलांना सांगितलं होतं का? बहुतेक ठिकाणी घोडं इथंच अडतं. या वयाची मुलं बघत असतात की आपण लिहिलं त्याचं पुढे काय झालं. निकाल लागला की लगेच वर्गात जाऊन सांगा, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी झोप पुरत नाही असं लिहिलंय, म्हणून एकाच आठवड्यात तीन विषयांची सबमिशन येणार नाहीत असं ठरवलंय. जे जमणार नाही तेही कारणासकट सांगा. आणि परीक्षेच्या तोंडावर सर्व्हे नकोच, तेव्हा फक्त परीक्षेचं टेन्शन मोजलं जातं.

आकडेमोड: फॉर्म किती मोठा आहे? डब्ल्यूएचओ-५ या जागतिक आरोग्य संघटनेच्या मनःस्वास्थ्याच्या प्रश्नावलीत फक्त ५ विधानं आहेत, गेल्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकाला ० ते ५ गुण, बेरजेला ४ ने गुणलं की १०० पैकी स्कोअर. असं काहीतरी छोटं कायम ठेवा आणि त्यातले शब्द बदलू नका नाहीतर मागच्या वेळेशी तुलनाच होत नाही, जोडीचे दोन-तीन प्रश्न मात्र दरवेळी मुलांकडूनच घ्या. शाळेचं एकूण चित्रच हवं असेल तर दरवेळी सगळ्यांना बसवायचीही गरज नाही, आलटून पालटून निम्मी मुलं चालतात. पण त्रासातलं मूल शोधायचं असेल तर हा उपाय चालणार नाही, त्यामुळे सर्व्हे नक्की कशासाठी घेताय ते आधी ठरवा.

शेवटचा बाक: मी नुकताच शाळेतून बाहेर पडलोय म्हणून सांगतो, आम्ही कंटाळ्यापेक्षा भीतीने खोटं भरायचो. नाव लिहू नका म्हणायचे आणि कोपऱ्यात रोल नंबर, वर सर बाकांमधून फिरत डोकावणार. कोण खरं लिहील?

वर्गशिक्षिका: रोल नंबर आमच्याकडेही आहे, कारण गरज पडली तर त्या मुलापर्यंत पोचायचं असतं.

समुपदेशक: मग ते स्पष्ट सांगा. हा निनावी नाही, गोपनीय आहे, उत्तरं फक्त अमुक दोघं बघणार, आणि कोणाच्या जिवाला धोका दिसला तरच आम्ही पुढे बोलणार, तेही आधी तुझ्याशी. प्रश्न सोडायची मुभा द्या, खोट्या टिकेपेक्षा कोरी जागा बरी. शेवटी एक चौकट ठेवा, "मला कोणाशी तरी बोलायचंय", आणि ज्याने टिक केली त्याला त्याच दिवशी भेटा. हे एवढं तरी चुकवू नका.