बॉनेटखालून सकाळी चिरचिर: बेल्ट, टेन्शनर की अल्टरनेटर? सल्ला हवा

करंजाळे_किनारा
नमस्कार मंडळी. २०१७ ची पेट्रोल हॅचबॅक, ६८,००० किमी. गाडी गोव्यात करंजाळ्याला उघड्यावर उभी असते, समुद्र हाकेच्या अंतरावर. सकाळी स्टार्ट केली की बेल्टच्या (इंजिनच्या जोरावर अल्टरनेटर, एसी फिरवणाऱ्या रबरी पट्ट्याच्या) बाजूने चिर्र-चिर्र असा आवाज येतो. दोन-तीन मिनिटांनी कमी होतो, पण सिग्नलला एसी लावला की पुन्हा सुरू. रेस दिली की त्याच तालात वेग वाढतो. बेल्ट ५५,००० ला बदललेला आहे. गॅरेजमध्ये बेल्ट आणि अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा भाग) दोन्ही बदलायला सांगताहेत. त्याआधी घरी काय तपासता येईल?

तांबडी_माती
आधी क्लच पूर्ण दाबून बघा. आवाज थांबला किंवा बदलला तर शोध गिअरबॉक्सकडे, क्लचच्या रिलीज बेअरिंगकडे वळवा. फरक पडला नाही तरच बेल्टकडे या.

दहाचा_पाना
अल्टरनेटरचं नाव आत्ता काढू नका. बेल्ट ओरडतो तेव्हा बहुतेक वेळा तो दुसऱ्या कोणाची तरी तक्रार सांगत असतो. १३,००० किमी चाललेला बेल्ट सहसा संपत नाही.

आवाजाचे प्रकार वेगळे ओळखा. लांबलचक किंचाळी आणि तीही भार वाढल्यावर, म्हणजे बेल्ट घसरतोय: ताण कमी किंवा पुली (बेल्ट ज्यावरून फिरतो ते चाक) गुळगुळीत. तुटक चिर्र-चिर्र, रेससोबत ताल वाढणारी, म्हणजे बेल्ट पुलीच्या खाचेत सरळ बसत नाहीये. सतत खरखर किंवा घुंघुं म्हणजे बेअरिंग.

खात्रीसाठी पाण्याची चाचणी. इंजिन आयडलला, म्हणजे रेस न देता, चालू ठेवा, साध्या पाण्याची फवारणीची बाटली घ्या आणि बेल्टच्या खाचांच्या बाजूवर हलका फवारा मारा. आवाज काही सेकंद गायब होऊन परत आला तर पुली वाकडी आहे किंवा बेल्टच्या धारा झिजल्यात. लगेच वाढला तर ताण कमी. काहीच फरक नाही तर बेअरिंग धरा. लांब बाही, ओढणी, गळ्यातली साखळी दूर ठेवा. रेडिएटरचा पंखा न सांगता सुरू होतो, तिकडे हात नेऊ नका.

बेल्टवर साबण, मेण, गंज सोडवायचा स्प्रे यांपैकी काहीही लावू नका. आवाज तासभर दबतो, बेल्टचं रबर मात्र फुगतं आणि घसरण वाढते. मग खरं कारण शोधणंही अवघड होतं.

झुआरीपलीकडे
वरच्यात एक भर. इंजिन थंड असताना, चावी काढून, बेल्ट उतरवा. आधी बेल्टच्या वाटेचा फोटो काढा, नाहीतर परत चढवताना गोंधळ होतो. मग एकेक पुली हाताने फिरवा.

टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) किंवा आयडलर (बेल्टला नुसती वाट देणारी पुली): निमूटपणे, किंचित जड फिरली पाहिजे. बोटाच्या झटक्याने खूप वेळ भिंगरीसारखी फिरत राहिली तर आतलं ग्रीस संपलंय. खरखर हाताला जाणवली तर बेअरिंग गेलं. बाजूला डुलवूनही बघा.
अल्टरनेटर: सलग, न अडखळता.
एसी कॉम्प्रेसर: पुली मोकळी फिरावी, पुढची क्लचची चकती स्थिर राहावी.
वॉटर पंप: डुलायला नको. खालच्या छोट्या भोकातून कूलंट ओघळून वाळल्याची रेघ दिसली तर पंप बदलायलाच हवा, थांबू नका.

शेवटी बेल्टशिवाय इंजिन १५-२० सेकंद चालवा. बॅटरीचा दिवा लागेल, ते अपेक्षित आहे. आवाज गेला तर दोष या बेल्टवरच्या भागांतच. बेल्टवर वॉटर पंप असेल तर अर्ध्या मिनिटाच्या वर अजिबात चालवू नका.

करंजाळे_किनारा
सगळं करून बघितलं. क्लचने फरक नाही. पाणी मारल्यावर पाच-सहा सेकंद शांत, मग परत. बेल्ट काढल्यावर इंजिन गप्प. अल्टरनेटर मऊ फिरतो, चार्जिंग १४.१ व्होल्ट. टेन्शनरची पुली मात्र खरखरते आणि एका बाजूला किंचित डुलते.

दहाचा_पाना
सापडलं. बेअरिंग झिजलं की पुली कलते, पुली कलली की बेल्ट तिरका शिरतो आणि चिरचिरतो. एसीचा भार आला की पुलीवरची ओढ वाढते, म्हणून सिग्नलला ऐकू येतं. अल्टरनेटरला हात लावायची गरज नाही.

आता दुरुस्ती. पूर्ण टेन्शनर पुली मिळते, पण कित्येक पुलींत नुसतं बेअरिंगही बदलता येतं. त्याच्यावर आकडा कोरलेला असतो. उदाहरणार्थ ६२०३ म्हणजे आतलं भोक १७ मिमी, बाहेरचा व्यास ४० मिमी, रुंदी १२ मिमी. दोन्ही बाजूंना रबरी सील असलेलंच घ्या, पत्र्याची झाकणवाली इथल्या पावसाळ्यात टिकत नाहीत. प्लास्टिकची पुली असेल तर पूर्ण पुलीच घ्यावी: ठोकून बेअरिंग बसवताना प्लास्टिक तडकतं.

बेल्टही नीट बघा. हल्लीच्या बेल्टना जुन्यांसारख्या भेगा पडत नाहीत, खाचा रुंद होत जातात. धारा बोथट, चकचकीत किंवा एका कडेला जास्त खाल्लेल्या दिसल्या तर त्याच वेळी बदला. नंबर बेल्टच्या पाठीवर असतो. ४ पीके ८४५ याचा अर्थ ४ धारा, लांबी ८४५ मिमी. दुकानात गाडीचं मॉडेल सांगण्यापेक्षा हा नंबर दाखवा. अर्धा सेंटीमीटर लांब बेल्टही ताणायच्या बोल्टची मर्यादा संपवू शकतो.

झुआरीपलीकडे
नवी पुली बसवल्यावर सगळ्या पुली एका रेषेत आहेत का ते तपासा. लोखंडी पट्टी शेजारच्या पुलीच्या तोंडाला लावून धरा. दोन पुलींमधल्या अंतराच्या दर १० सेंटीमीटरला दीड-दोन मिमी फरक राहिला तर चिरचिर परत येणार.

ताण बोल्टने द्यायचा असेल तर सर्वांत लांब मोकळ्या भागाच्या मध्यावर अंगठ्याने जोर द्या, साधारण १० किलोचा. ८ ते १० मिमी दबला पाहिजे. तुमच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच पाळा. मेस्त्री आवाज जावा म्हणून कधीकधी बेल्ट तारेसारखा ताणून देतात. त्याने अल्टरनेटर आणि वॉटर पंपची बेअरिंगं लवकर जातात. नवा बेल्ट थोडा बसतो, ५०० किमीनंतर ताण पुन्हा बघा.

करंजाळे_किनारा
आभारी आहे. पुली बदलल्यावरही सकाळी पहिल्या मिनिटाला बारीक आवाज राहिला तर?

तांबडी_माती
समुद्राजवळ तो राहू शकतो. खाऱ्या ओलसर हवेने लोखंडी पुलींच्या खाचांत रात्रभरात गंजाचा पातळ थर येतो आणि बेल्ट फिरला की घासून निघतो. एका मिनिटात गेला तर चिंता नाही. पण रोज पाच मिनिटं टिकला तर खाचा बारीक पितळी ब्रशने, बेल्ट काढून, साफ करा. सॅंडपेपर नको, त्याचे ओरखडे बेल्ट खातात.

आणि धुण्याबद्दल. सावर्डे-कुडचड्याच्या बाजूला जाणं असेल तर लाल माती खाचांत भरते. ती कोरड्या ब्रशने काढा. प्रेशरचं पाणी पुलीवर मारू नका, सीलच्या आत पाणी घुसलं की नवं बेअरिंगही पुढच्या पावसाळ्याआधी खरखरायला लागेल.