अभ्यासाचं अ‍ॅप मराठीत बोलायला लागलं. आपण ऐकायचं का?

टाकदौत: नोटबुकएलएम हे गुगलचं एआय अ‍ॅप संगणकावर वापरत होतोच. मे २०२५ मध्ये ते फोनवर आलं आणि माझा डोंबिवली-सीएसएमटी प्रवास कारणी लागला. पीडीएफ, वेबपानं, यूट्यूबचे व्हिडिओ असं आपलंच साहित्य द्यायचं, एका वहीत पन्नासपर्यंत, तेही फुकट. मग त्यावर प्रश्न विचारायचे. उत्तरात विधानापुढे आकडा येतो, त्यावर बोट ठेवलं की मूळ उतारा समोर. शिवाय दोघं गप्पा मारताहेत असा ऑडिओ आढावा, आता मराठीतही. डाउनलोड केला की रेंज गेली तरी चालतो. पानिपतच्या आधीच्या दहा वर्षांच्या पत्रांवर लेख लिहितोय, त्याला मोठी मदत झाली. अभ्यास करणाऱ्याने यापासून लांब राहणं हा निव्वळ हट्ट आहे, असं माझं मत. बोला.

जुनी_पोथी: हट्ट तर हट्ट. त्या आकड्यावर बोट ठेवायला हात मोकळा लागतो, आणि तुम्ही दांडीला लटकलेले. कानाला तळटीप ऐकू येत नाही. गप्पांचा सूर इतका गुळगुळीत, की ‘असं म्हणतात’ आणि ‘असा कागद आहे’ यांतला फरकच विरघळतो. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी दप्तरं धुंडाळून १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तो नेमका तुमच्याच काळाचा. त्याचं काय, वीस मिनिटांत उरकणार?

टाकदौत: राजवाड्यांचं नाव निघालं की समोरच्याने गप्प बसायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. :) खंड वाचणार नाही असं कुठे म्हटलं? कुठली पत्रं आधी काढायची, एवढं ऐकून ठरवतो.

पंचांगवाला: पानिपतचाच हिशेब घ्या. लढाई पौष शुद्ध अष्टमीची, शके १६८२. इसवी सन काढायला त्यात ७८ मिळवले की १७६० येतं. पण लढाई झाली १४ जानेवारी १७६१ ला, म्हणजे इथे ७९ मिळवायला हवेत. बरं, पौष कधीकधी डिसेंबरातच सुरू होतो, म्हणजे हाही नियम सरसकट नाही. मी एका अ‍ॅपला (तुमचं नव्हे, नाव नको) पौषातल्या दोन पत्रांच्या तारखा विचारल्या. एक बरोबर, दुसरी वर्षभर मागे, आणि दोन्ही उत्तरं सारखीच ठाम! चुकणारा कारकून परवडला, तो निदान अडखळतो तरी.

शेंगाचटणी: तुम्ही सगळे लॅपटॉप असलेले दिसता. माझ्याकडे हा एक फोन. विद्यापीठाचं ग्रंथालय एसटीने अडीच तास, तिथे जाऊन परत यायचं म्हणजे दिवस गेला. पीएच.डी.चं टिपण काढणं, शोधणं, लिहिणं सगळं याच पडद्यावर, रात्री घरातली कामं उरकल्यावर. स्वयंपाक करताना आढावा ऐकते आणि नंतर उतारे उघडून बघते. ‘ग्रंथालयात बसा’ हा सल्ला मला देणाऱ्याने तिकीटही काढून द्यावं.

जुनी_पोथी: ताई, तुमच्यापुरता आक्षेप मागे घेतो. टाकदौतांपुरता नाही.

खिळेजुळारी: डीटीपीत वीस वर्षं काढलेला माणूस म्हणून सांगतो, घोडं वेगळ्याच ठिकाणी अडतं. दोन हजार सालाच्या आसपासच्या कितीतरी मराठी पीडीएफ दिसायला छान, पण फॉन्ट युनिकोड नाही. त्यातली एक ओळ कॉपी करून दुसरीकडे चिकटवा, इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला मिळेल. अ‍ॅपच्या पुढ्यातही तोच काला. त्याआधीची पुस्तकं नुसती स्कॅन केलेली, म्हणजे पानांचे फोटो. मोडीचं तर नावच काढू नका. तेव्हा आवाज गोड की कडू हे नंतर बघू, आधी त्याला वाचायला नीट मजकूर द्या. ते काम कुणालाच नको असतं, कारण त्यात मिरवण्यासारखं काही नाही.

टाकदौत: हे मात्र कबूल. माझ्या पन्नासातले अकरा स्रोत मी याच कारणाने काढून टाकले.

शेंगाचटणी: दादा, स्कॅन केलेल्या पानांचं फोनवर काही करता येतं का?

खिळेजुळारी: येतं. फाइल गुगल ड्राइव्हवर चढवा आणि ब्राउझरमध्ये डेस्कटॉप साइट लावून डॉक्समध्ये उघडा, चित्राखाली मजकूर येतो. एका वेळी थोडीच पानं घ्या. जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा, आणि आकडे दोनदा. शके १६८१ चं १६८९ झालं तर पंचांगवाल्यांचा रक्तदाब वाढेल.