मदत हवी आहे : चिकटण्याची जागा बार्नकलच्या डिंभाला कशी कळते?

नमस्कार. मी चोपडा तालुक्यात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो. दिवाळीच्या सुट्टीत श्रीवर्धनहून मोडक्या होडीच्या फळीचा एक तुकडा आणला. त्यावर बार्नकलचे, म्हणजे खडकांना-होड्यांना चिकटून राहणाऱ्या कवचाच्या समुद्री प्राण्याचे, पांढरे सुळके दाटीने बसलेले आहेत. वर्गात एक सुळका पेचकसाने उचकटायला गेलो, तर तो फुटला आणि त्याची चुन्याची गोल चकती फळीवर तशीच राहिली.

आमच्या मुलांच्या लेखी रूपांतरण म्हणजे कपाशीवरची गुलाबी बोंडअळी, जी खाऊन खाऊन वाढते, कोषात जाते आणि पतंग होऊन बाहेर पडते. बार्नकलमध्ये मात्र नॉप्लियस या पोहणाऱ्या डिंभाच्या (अंड्यातून निघालेल्या पिल्लाच्या) सहा अवस्था संपल्यावर जो सायप्रिस डिंभ तयार होतो, तो काहीही न खाता, साठवलेल्या चरबीवर तग धरून, दोन स्पर्शकांनी पृष्ठभाग चाचपत चालतो आणि जागा पसंत पडली की सिमेंटसारखा स्राव सोडून डोक्याकडून कायमचा चिकटतो. हे सांगत असतानाच मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, आठेच चिटकानं हाई त्याले कोन सांगस?"

प्रौढ बार्नकलचे प्रथिन आणि पृष्ठभागावरचा जिवाणूंचा थर, ही दोन उत्तरे मला ठाऊक आहेत. पण कोऱ्या फळीवर पहिला डिंभ येतो तेव्हा तिथे प्रौढ नसतोच, मग त्याला कोण बोलावते? चिकटण्याचा इशारा आणि रूप बदलण्याचा इशारा एकच असतो का? आणि समुद्र इतका दूर असताना तापीकाठच्या एखाद्या प्राण्यावर हे दाखवता येईल का?

प्रतिसाद : सर, चरबी संपत आली की सायप्रिसचा चोखंदळपणा कमी होतो आणि एरवी नाकारलेली जागाही तो पत्करतो. शिवाय चालताना त्याच्या स्पर्शकांचे चिकट ठसे उमटतात, आणि तेच पुढच्या डिंभांना खेचतात. इशाऱ्याचे उत्तर प्राण्यागणिक बदलते. हायड्रॉइडिस या नळीत राहणाऱ्या कृमीत जिवाणूंचा थरच रूपांतरण सुरू करतो. त्यातल्या एका जिवाणूच्या, सुईसारख्या आकुंचन पावणाऱ्या रचना हे काम करतात, असे 2014 मध्ये दिसून आले. तापीसाठी गोड्या पाण्यातला शिंपला घ्या. त्याचा ग्लोकिडियम डिंभ माशाच्या कल्ल्याला किंवा पराला चिमटा घेऊन बसतो, माशाची त्वचा त्याच्याभोवती वाढते आणि त्या आवरणात तो छोटा शिंपला होतो. मादीच्या फुगलेल्या कल्ल्यातला थेंबभर द्रव काचपट्टीवर घेतलात, तर सूक्ष्मदर्शकाखाली उघडमीट करणारे ग्लोकिडियम मुलांना दिसू शकतील.