जिम करूनही खांदे पुढे वाकलेत, काय करू?

वाटसरू_२८:
नमस्कार मंडळी. दिवसभर लॅपटॉप आणि संध्याकाळी जिम असं चालू आहे. बेंच प्रेस, पुशअप्स जोरात, छाती भरलीय पण आई परवा लग्नाचे फोटो बघून म्हणाली पोक काढून का उभा राहतोस रे, आणि खरंच बाजूने काढलेल्या फोटोत मान पुढे, खांदे गोल आणि हात खाली सोडलेत तर पंजाची मागची बाजू समोर येतेय. मुद्दाम ताठ उभं राहिलं की थोड्या वेळात मान भरून येते. पोश्चर बेल्ट घेऊ का? की बेंच प्रेसच बंद करू?

मानेचं_दुखणं:
मी फिजिओथेरपिस्ट आहे. बेंच बंद करायची गरज नाही, पाठीचा व्यायाम वाढवा. पंजाची मागची बाजू समोर येते म्हणजे दंडच आत वळलाय. छातीचे स्नायू आणि मानेच्या बाजूचे वरचे ट्रॅपिझियस आखडलेले, आणि पाठीच्या पात्यांना धरून ठेवणारे खालचे ट्रॅपिझियस, ऱ्हॉम्बॉइड, शिवाय मानेच्या पुढचे खोल स्नायू ढिले, ह्या जोडीला व्लादिमीर यांडा या चेक डॉक्टरांनी अप्पर क्रॉस्ड सिंड्रोम नाव दिलं. नुसतं स्ट्रेचिंग करून भागत नाही, ढिल्या बाजूला ताकद यायलाच हवी. पुशचा (ढकलायच्या व्यायामाचा) एक सेट तर पुलचे (ओढायच्या व्यायामाचे) दोन, असं काही महिने ठेवा. सीटेड रो (बसून केबल पोटाकडे ओढणं), फेस पुल (केबलची दोरी चेहऱ्याकडे ओढणं), आणि वजन एवढंच की ओढताना खांदा कानाकडे चढणार नाही, चढला की काम परत वरच्या ट्रॅपिझियसनेच केलं. घरी भिंतीला पाठ टेकून हनुवटी वर-खाली न करता सरळ मागे न्या, 5 सेकंद धरा, असं 10 वेळा. दाराच्या चौकटीला हात टेकवून छातीचा ताण 30 सेकंद. बेल्ट नकोच, बाहेरून आधार मिळाला की स्नायू शिकणार काय?

लोखंडप्रेमी:
वरच्याला +१. फक्त एक, पुल म्हणून नुसते पुलअप्स आणि लॅट पुलडाउन मारत बसू नकोस भावा, लॅट्स (पाठीच्या दोन्ही बाजूंचे मोठे स्नायू) पण दंड आतच फिरवतात, रोइंग जास्त ठेव. आमच्या जिममधली अर्धी पोरं आरशात दिसतं तेवढंच कमावतात, पाठीचा दिवस आला की गायब, बघून वाईट वाटतं.

सुमनताई:
अरे बाळा, जिमचं मला कळत नाही पण योग बरीच वर्षं शिकवतेय. भुजंगासनात सगळे हातावर जोर देऊन वर येतात, त्यात पाठीला काही काम उरत नाही. वर आल्यावर तळवे जमिनीपासून किंचित उचलून बघ, जेवढा वर राहशील तेवढीच तुझ्या पाठीची ताकद. शलभासनही कर. आणि लॅपटॉपखाली जाड पुस्तकं ठेवून कीबोर्ड वेगळा घे, अर्ध्या तासाने उठ, कितीही ताठ बसलास तरी एकाच जागी बसणं वाईटच.

मानेचं_दुखणं:
ताई तळव्यांचं अगदी बरोबर. @वाटसरू_२८, हाताला मुंग्या येत असतील, बोटं बधिर होत असतील किंवा पकड सैल झाली असेल तर हे काही सुरू करू नका, आधी ऑर्थोपेडिकला दाखवा.

वाटसरू_२८:
मुंग्या वगैरे नाहीत. बेल्ट कॅन्सल, उद्यापासून रोइंग आधी आणि बेंच नंतर. फेस पुलला दोरी डोळ्यांच्या उंचीवर लावायची का छातीच्या?

लोखंडप्रेमी:
डोळ्यांच्या. कपाळाकडे ओढ आणि शेवटी अंगठे मागे वळव.