परसातल्या टरबुजाची फळं बोराएवढी होऊन गळतात, काय चुकतंय?

परसबाग_लातूर:
घरामागं १२ बाय १५ फुटांची मोकळी जागा आहे. माती काळी, दीड-दोन फुटांवर मुरूम लागतो. पाणी बोअरचं, जड आहे. गेल्या उन्हाळ्यात १० मार्चला शुगर बेबीचं बी टोकलं. सहा खड्डे, खड्ड्यात दोन-दोन झाडं. दर खड्ड्याला घमेलंभर शेणखत, पुढं तीन वेळा मूठ-मूठ युरिया. दर दोन दिवसाला पाइपनं पाणी, कधी चार दिवसांनीही. वेल दहा-दहा फूट पसरले, पानं हिरवीगार. पण फळं बोराएवढी, फार तर लिंबाएवढी झाली की पिवळी पडून गळायची. एकच फळ टिकलं, तेही एका अंगानं चपटं आणि बुडाला काळा डाग. फवारणी दर आठ दिवसाला सकाळी. आजूबाजूचे म्हणतात, 'फळं गळायलीत म्हणजे खत कमी पडायलंय.' या जानेवारीत परत लावायचंय. नेमकं काय बदलू?

वेलवर्गी_परभणी:
खत कमी नाही पडलं, जास्त पडलंय. आणि गळली ती फळं नव्हतीच.

टरबुजाच्या मादी फुलाखाली बोराएवढी केसाळ गाठ असते. फूल उमलायच्या आधीपासूनच असते, म्हणून ती बघून वाटतं फळ धरलं. पराग पोचले तरच ती गाठ फुगते, देठ खाली वाकतो आणि चार-पाच दिवसांत फरक डोळ्याला दिसतो. पराग पोचले नाहीत तर वेल ती गाठ पिवळी करून टाकून देतो. त्याला कुठलंही खत उपाय नाही.

पराग का पोचले नाहीत, हे तुमच्याच प्रश्नात आहे. फूल एकच दिवस उमलतं, तेही सकाळी. दुपारपर्यंत मिटायला लागतं. मधमाश्या त्याच दोन-तीन तासांत फिरतात आणि तुमची फवारणी नेमकी त्याच वेळेला. दुसरं म्हणजे तारीख. १० मार्चला टोकलेल्या बियांची मादी फुलं एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात येणार. लातुरात तेव्हा पारा ४० च्या आसपास असतो. त्या उष्णतेत पराग निकामी होतो, नर फुलं वाढतात आणि मादी फुलं कमी निघतात. वर युरिया, म्हणजे वेलाला पानं काढायलाच सांगितलं.

चपट्या फळाचं कारणही हेच. मादी फुलाच्या मधोमध तीन भागांची चिकट गाठ असते. तिन्ही भागांवर पराग पडला तर फळ चहूबाजूंनी सारखं भरतं. एखादा भाग कोरडा राहिला की त्या अंगाच्या बिया धरत नाहीत आणि ते अंग खोलगट राहतं. फळाला नर-मादी असते, चपटं ते नर, असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं त्याकडे लक्ष देऊ नका. नर-मादी फुलात असते, फळात नाही.

आता तारखा. १२ ते १८ जानेवारीच्या दरम्यान बी घरात, पेल्यात लावा. थेट वाफ्यात नको, कारण जानेवारीतली माती रात्री १८ अंशांच्या खाली गेली तर बी उगवत नाही, कुजतं. बी कोमट पाण्यात ८ ते १० तास भिजवून ओल्या सुती फडक्यात एक-दोन रात्री उबेला ठेवा. मोड दिसला की २०० मिलीच्या कागदी पेल्यात, तळाला भोक पाडून, दीड-दोन सेंमी खोल. मिश्रणात अर्धं कोकोपीट, अर्धं गांडूळखत. पेला दिवसा उन्हात, रात्री घरात. दोन खरी पानं आली की, म्हणजे १५ दिवसांच्या आसपास, पेला फाडून मातीच्या गोळ्यासकट वाफ्यात लावा. तीन आठवडे थांबलात तर मूळ पेल्यात गोल फिरतं आणि झाड तिथंच बसतं. टरबुजाला मूळ दुखावलेलं अजिबात सोसत नाही. असं केलं की मादी फुलं मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात येतात, तेव्हा सकाळी हवा बरी असते, आणि फळ एप्रिलच्या मध्याला तोडायला येतं.

माश्यांवर विसंबू नका. सकाळी साडेसहा ते नऊ, त्याच दिवशी उमललेलं नर फूल तोडा. नर फुलाचा देठ बारीक असतो, खाली गाठ नसते. पाकळ्या मागं दुमडा, मधल्या पिवळ्या भागाला बोट लावून भुकटी लागते का बघा. लागली तर मादी फुलाच्या तिन्ही भागांवर हलकं फिरवा. एका मादीला दोन नर फुलं वापरा. देठाला रंगीत लोकरीचा धागा बांधा आणि वहीत तारीख लिहा. तोडणीला ती तारीखच कामाला येते.

काळीमाती:
वरचं सगळं बरोबर, पण खड्डा या शब्दावर कुणीच बोललं नाही. काळ्या मातीत खड्डा करून शेणखत भरलं की तो खड्डा नसतो, घागर असते. बाजूची माती पाणी सोडत नाही, आतलं खत भिजून बसतं, मुळांना हवा मिळत नाही. वरून तजेलदार आणि आतून गुदमरलेलं झाड, असं होतं. मर रोगही तिथंच धरतो. शिवाय ती माती सुकली की भेगाळते आणि भेगेसोबत मुळं तुटतात.

तुमच्या जागेत १५ फूट लांबीचे दोन गादीवाफे करा. रुंदी ३ फूट, उंची १ फूट, दोन वाफ्यांत ३ फुटांची वाट. वाफ्यासाठी वरची माती, तिच्या निम्मी नदीची जाड वाळू किंवा बारीक मुरूम आणि चाळलेलं, पूर्ण कुजलेलं शेणखत. चुलीची राख ओतू नका, आपली माती आधीच चुनखडीची. एका वाफ्यावर अडीच फुटांवर एक, अशी ६ झाडं, म्हणजे एकूण १२. आधीही १२ होती, पण एका खड्ड्यात दोन. आता प्रत्येकाला स्वतःची जागा.

खताचा हिशोब. हेक्टरी १०० किलो नत्र (नायट्रोजन), ५० स्फुरद (फॉस्फरस), ५० पालाश (पोटॅशियम) धरून १० हजार झाडांत वाटलं तर एका झाडाला १० ग्रॅम नत्र येतं. म्हणजे साधारण २२ ग्रॅम युरिया, ३० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट, ८ ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश. सुपर फॉस्फेट सगळं आणि पोटॅश अर्धं लागवडीच्या वेळी, सोबत झाडामागं ३ किलो शेणखत आणि १०० ग्रॅम लिंबोळी पेंड. युरिया तीन हप्त्यांत, ७ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे सपाट दीड चमचा: लावल्यावर १२ दिवसांनी, २५ दिवसांनी आणि फळं लिंबाएवढी धरल्यावर. शेवटच्या हप्त्यासोबत उरलेलं पोटॅश. त्यानंतर नत्र बंद. मूठ म्हणजे ४०-५० ग्रॅम, तुम्ही तीन मुठी टाकल्यात. दोन झाडांना ४४ ग्रॅम हवा होता, पडला तिप्पट.

शेणखतात ट्रायकोडर्मा, म्हणजे मर रोगाला आवरणारी उपयोगी बुरशी, मिसळा, १० किलोला १०० ग्रॅम, आणि आठवडाभर सावलीत ओलसर झाकून ठेवून मग वापरा. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं बायोमिक्स, असंच उपयोगी जिवाणू-बुरशींचं मिश्रण, मिळालं तर तेही चालतं.

बुडाचा काळा डाग हा रोग नाही. फळाच्या टोकाला कॅल्शियम पोचलं नाही की तसं होतं. लोक लगेच चुना टाकायला सांगतात. आपल्या मातीत चुना भरपूर आहे, पण तो पाण्यासोबतच वर चढतो. दोन दिवसाला पाणी, मग चार दिवस कोरडं, तिथं घोडं अडतं. युरियानंही ते वाढतं. फळ फुगताना एका झाडाला रोज ६ ते ८ लिटर धरा. १२ झाडांना ७० ते ९५ लिटर, पाच-सहा बादल्या. काळ्या मातीत एक दिवसाआड दुप्पट दिलं तरी चालतं, पण दिवस चुकवायचा नाही. ठिबकची नळी टाकून तासाला ४ लिटरचा ड्रिपर झाडाजवळ ठेवला तर दीड-दोन तासांत काम होतं.

परसबाग_लातूर:
पेल्यात बी आणि वाफ्याचं कळलं. चार शंका. बोअरचं जड पाणी चालेल का? कुंपणाला वाळकाचा वेल असतो दरवर्षी, त्यानं टरबूज अळणी होतं म्हणतात. आणि शेंडे खुडायचे का? अर्का माणिक लावू का शुगर बेबीच?

वेलवर्गी_परभणी:
शेवटचं आधी. घरच्या जागेला शुगर बेबीच बरं. फळ दोन ते चार किलोचं, ८० दिवसांत काम संपतं. अर्का माणिक बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचं वाण. फळ सहा किलोच्या आसपास आणि भुरी, केवडा या पानांवरच्या बुरशी रोगांना कणखर, पण वेलाला जागा आणि दिवस जास्त लागतात.

वाळकामुळं टरबूज अळणी होत नाही. दोघांच्या जाती वेगळ्या, संकर होतच नाही. झाला असता तरी परिणाम पुढच्या वर्षीच्या बियांवर, यंदाच्या गरावर नव्हे. मात्र वाळकावरची फळमाशी, भुंगेरे आणि पांढरी माशी टरबुजावर येतात, म्हणून ते वाफ्यापासून लांब बरं.

शेंडा सरसकट खुडू नका. मुख्य वेल आणि जोमदार दोन फांद्या ठेवा, बुंध्याजवळची फुटवं काढा. बुंध्यालगतचं पहिलं मादी फूलही काढून टाका. त्या वेळी पानं कमी असतात, फळ लहान राहतं आणि पुढची फळं अडवतं. आठव्या पानाच्या पुढं धरलेली दोन फळं प्रत्येक झाडाला ठेवा. बाकीची अंड्याएवढी असतानाच काढा.

काळीमाती:
जड पाणी चालतं, पण पानांवर नको, बुंध्यालाच. कडा करपायला लागल्या तर क्षार साचलेत समजा. दहा-बारा दिवसांतून एकदा दुप्पट पाणी देऊन ते मुळांच्या खाली ढकला. हे गादीवाफ्यातच जमतं, खड्ड्यात नाही. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह कमी आहे. फेरस सल्फेट लिटरला ३ ग्रॅम आणि लिंबाचं सत्त्व १ ग्रॅम, सूर्य मावळताना फवारा.

गोदाकाठ:
किडीचं राहिलं. रोप लावल्यापासून फुलं येईपर्यंत वाफ्यावर पांढरं क्रॉप कव्हर, म्हणजे पातळ कापड, कमानींवर टाकून कडा मातीनं दाबा. तांबडे भुंगेरे पहिली दोन पानं चाळणीसारखी करतात आणि फुलकिडे विषाणू आणतात, दोन्ही बाहेर राहतात. मादी फूल दिसलं की सकाळी कव्हर उघडाच, नाहीतर मधमाशी आत येणार कशी? शेंडा ताठ उभा राहून सुकायला लागला, वेलावर काळपट रेघा आल्या तर तो शेंडा मर. औषध नाही. झाड उपटून पिशवीत भरून लांब टाका.

सापळा मागताना दुकानात नीट सांगा. आंब्याचा मिथाइल युजेनॉलचा सापळा टरबुजाच्या फळमाशीला उपयोगाचा नाही, क्यू ल्यूर या आमिषाचा पाहिजे. एवढ्या जागेला एक पुरे. फळ लिंबाएवढं असताना कागदी पिशवीत घातलं तर अंडी घालायला माशीला जागाच नाही, साल टणक झाली की पिशवी काढा.

निंबोळी अर्क ५ टक्के, ५० ग्रॅम कुटलेल्या निंबोळ्या रात्रभर लिटर पाण्यात, सकाळी गाळून थोडा साबण, पण फवारा संध्याकाळी. आणि भुरीवर गंधक टाकायला कुणी सांगितलं तर ऐकू नका. पारा ३२ च्या वर गेला की वेलवर्गीय पानं गंधकानं भाजतात. भुरी सुरुवातीलाच दिसली तर एक भाग दूध, नऊ भाग पाणी, आठवड्यातून एकदा.

फळाखाली सोयाबीनची गुळी किंवा कडब्याची पेंडी ठेवा. ओल्या काळ्या मातीला टेकलेलं फळ खालून सडतं. एप्रिलच्या उन्हात उघडं पडलेलं फळ वरून पांढरं पडून भाजतं, त्यावर वाळलं गवत टाका. वेल उचलून उलटापालटा करू नका.

परसबाग_लातूर:
तोडायचं कधी ते सांगा. शुगर बेबी गडद हिरवं असतं, रंगावरून काही कळत नाही.

गोदाकाठ:
धाग्याची तारीख बघा, फूल लागल्यापासून ३० ते ३५ दिवस. ऊन तापलं असेल तर ३० कडेच. मग त्याच पेऱ्यावरची, फळाच्या देठालगतची बाळी, म्हणजे वेलाची स्प्रिंगसारखी वळलेली तार, बघा. ती पूर्ण वाळून तपकिरी झालेली पाहिजे, नुसती पिवळी नको. पुढच्या पेऱ्यावरची बाळी बघून लोक फसतात. फळ हळूच उचलून जमिनीला टेकलेला डाग बघा. पांढरा असेल तर थांबा, लोण्यासारखा पिवळा झाला की झालं. सालीची चकाकी जाऊन ती मंद दिसते. बोटानं वाजवलं तर कच्चं टणटण, पिकलेलं धप्प. पण नुसत्या आवाजावर तोडू नका, पोकळ फळही धप्पच वाजतं.

तोडायच्या आठवडाभर आधी पाणी निम्म्यावर आणा, एकदम बंद नको. कोरडं पडलेल्या वेलाला मग जोरात पाणी दिलं की फळ तडकतं. अवकाळीचं आभाळ आलं आणि बाळी वाळलेली असेल तर पाऊस पडायच्या आधीच तोडा. सकाळी, दोन इंच देठ ठेवून, कात्रीनं. टरबूज आंब्यासारखं अढीत पिकत नाही, तोडलं त्या दिवशी जेवढी गोडी तेवढीच.