मदत हवी आहे: एसएनसीयूचे (आजारी, कमी वजनाच्या नवजात बाळांचा विभाग) आभार मानायचे आहेत, काय दिलं तर खरंच उपयोगी पडेल?

पिंपळपान_८१
बाळ २९ आठवड्यांतच जन्मलं, जन्मवजन ११२० ग्रॅम. जिल्हा रुग्णालयाच्या एसएनसीयूत ४६ दिवस होतं, १८४० ग्रॅमवर घरी आलं, त्याला दोन आठवडे झाले. तिथल्या सिस्टर, डॉक्टर, मावशी यांनी जे केलं त्याची परतफेड होणार नाही, पण गप्प बसवतही नाही. घरात सगळ्यांनी मिळून २५ हजार बाजूला काढलेत. सुचलेल्या गोष्टी अशा: पेढे, वॉर्मर (बाळाला ऊब देणारं यंत्र), आजीने विणलेल्या लोकरीच्या टोप्या, व्हिडिओत दिसतात ते क्रोशाचे ऑक्टोपस, दूध पावडरचे डबे. बाळाच्या आईला दूध भरपूर येतं, तेही द्यायची इच्छा आहे. यातलं काय द्यावं, काय देऊ नये, आणि सरकारी दवाखान्यात देण्याची रीत काय? जाणकारांनी कृपया सांगावं.

सोनचाफा
आधी बाळाला खूप आशीर्वाद. ११२० वरून १८४० म्हणजे घरच्यांनी आणि सिस्टरांनी दोघांनीही नेटाने केलंय.

पावडरचे डबे आणि दुधाच्या बाटल्या यादीतून आजच काढा. १९९२ च्या कायद्यानुसार अनाथालय सोडून इतर कुणालाही त्या दान करता येत नाहीत. शिवाय पावडर निर्जंतुक नसते, आणि इतक्या लहान बाळाला तोच धोका मोठा.

लोकरीच्या टोप्याही नकोत. तंतू सुटून नाकाशी जातात, विणीच्या भोकात बोट अडकतं. हातमोजे-पायमोजे तर उलटे करून बघितल्याशिवाय घालूच नयेत: आतला एक सुटा धागा बोटाभोवती गुंडाळला गेला तर रक्त अडतं, बोट सुजून लाल-निळं होतं, आणि मोज्यामुळे ते दिसतही नाही. आजींना होजिअरीच्या कापडाच्या टोप्या शिवायला सांगा. शिवण बाहेरच्या बाजूला, बटण-लेस-गोंडा काही नको. २८ आठवड्यांच्या बाळाच्या डोक्याचा घेर २५-२६ सेंमी, ३२ आठवड्यांना २९ च्या आसपास, ३४ ला ३१. टोपी घेरापेक्षा दोनेक सेंमी कमी ठेवा, कापड ताणतं. सर्वात लहान माप जास्त शिवा, बाजारात तेच मिळत नाही. बिनवासाच्या साबणाने गरम पाण्यात धुवा, उन्हात वाळवा, इस्त्री करा, मापाप्रमाणे वेगळ्या पिशव्यांत भरून वर आकडा लिहा.

ऑक्टोपसची कल्पना २०१३ मध्ये डेन्मार्कमध्ये सुरू झाली. बाळ नळी ओढण्याऐवजी त्याचे पाय धरेल, हा हेतू. त्याचे नियम कडक आहेत: १०० टक्के सुती धागा, ताणलेला पाय २२ सेंमीपेक्षा लांब नको, ६० अंशांवर धुता यायला हवा. तरी बरीच युनिट्स ते आत घेत नाहीत. विचारल्याशिवाय विणायला बसू नका.

तारायंत्र
वॉर्मरबद्दल. २५ हजारांत चांगला वॉर्मर येत नाही, आणि वर्गणी वाढवून घेतलात तरी थांबा. यंत्र फुकट मिळतं, पण वर्षाचा देखभाल करार कोण भरणार हे ठरलेलं नसेल तर पहिल्या बिघाडानंतर ते कोपऱ्यात जातं. युनिटमध्ये अडचण बहुतेक वेळा यंत्राची नसते, त्याच्या बारक्या भागांची असते. पल्स ऑक्सिमीटरचे नवजात बाळाचे प्रोब (पायाला लावायचा सेन्सर आणि त्याची वायर) घ्या: दिवसातून कितीदा तरी पाय बदलून लावायचे, त्यामुळे वायर सेन्सरच्या तोंडाशी वाकून तुटते. वॉर्मरचा, त्वचेचं तापमान मोजणारा स्किन प्रोबही तसाच. सीपॅप (श्वासाला हवेच्या दाबाने आधार देणारं यंत्र) असतं, पण सर्वात लहान मापाचे नेझल प्रॉन्ग (नाकपुड्यांत बसवायच्या नळ्या) संपलेले असतात.

घेताना चूक इथे होते: प्रत्येक कंपनीचा कनेक्टर वेगळा. दिसायला सारखा, पिना मात्र जुळत नाहीत. मॉनिटरच्या मागच्या पट्टीवरचा मॉडेल नंबर आणि जुन्या प्रोबच्या पिनेचा जवळून फोटो, दोन्ही सिस्टर इन्चार्जकडून मागून घ्या. दुकानदाराकडून 'बसला नाही तर परत' हे बिलावर लिहून घ्या.

गोधडी
प्रोबला दुजोरा, पण माझं मत पैशाचा मोठा वाटा केएमसीच्या, म्हणजे कांगारूसारखं बाळ छातीशी धरून बसायच्या खुर्च्यांवर घालावा. आईच्या छातीशी बाळ ठेवायचं ते दिवसात ८ ते २४ तास, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सांगितलं. प्लास्टिकच्या सरळ खुर्चीत टाके असलेली बाई तासभरसुद्धा बसू शकत नाही, मग केएमसी कागदावरच राहतं. पाठ मागे रेलणारी, हाताला टेकू असलेली, रेक्झिनची खुर्ची घ्या. कापडी गादी नको, पुसता येत नाही. सोबत पुढून उघडणारे सुती गाऊन, बटणांऐवजी नाड्या. एका आईमागे तीन धरा: एक अंगात, एक धुण्यात, एक वाळत.

सोनचाफा
खुर्च्यांचं अगदी पटलं. जागा आधी मोजा, दोन वॉर्मरच्या मधून खुर्ची मागे रेलायला हवी.

दुधाबद्दल: मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली दूधपेढी सुरू केली, आणि आता इतरही ठिकाणी पेढ्या आहेत. तुमच्या जवळची कोणती हे एसएनसीयूतच कळेल. आपल्या बाळाचं पोट भरून उरलेलंच द्यायचं. आईची लेखी संमती घेतात. एचआयव्ही, कावीळ बी आणि सिफिलिसच्या तपासण्या बघतात. तंबाखू, मिसरी, दारू असेल तर घेत नाहीत. चालू औषधं आधीच सांगा. दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटं पाश्चराइज करून, जंतुतपासणी नीट आली की उणे २० अंशांत ठेवतात. घरून परस्पर काढून नेऊ नका. भांडं, हात, वाटेतला बर्फ यांपैकी एक चुकलं की सगळं ओतून द्यावं लागतं. शक्यतो पेढीतच काढतात.

पिंपळपान_८१
सर्वांचे मनापासून आभार. सरकारी रीत राहिली. आणि पेढे?

तारायंत्र
जिल्हा शल्यचिकित्सकांच्या (जिल्हा रुग्णालयाचे प्रमुख) नावे पत्र, दोन प्रती. वस्तू, संख्या, किंमत लिहा, बिलाची झेरॉक्स जोडा. एका प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. वस्तू साठा नोंदवहीत चढली पाहिजे, नाहीतर खुर्ची महिनाभरात दुसऱ्या वॉर्डात दिसेल. रोख द्यायचं असेल तर रुग्ण कल्याण समितीकडे, पावती घेऊन. कुणाच्या हातात पाकीट देऊ नका, नोकरीवर बेतू शकतं.

पेढे बंद बॉक्समध्ये स्टाफरूमला द्या, युनिटच्या दारात नाही. तीन पाळ्यांसाठी तीन बॉक्स. रात्रपाळीपर्यंत काही उरत नाही, आणि सफाईच्या मावशी हमखास राहून जातात. फुलं नेऊ नका, फुलदाणीच्या पाण्यात जंतू वाढतात. शल्यचिकित्सकांच्या पत्रातच सिस्टरांची नावं, पाळी आणि नेमकं काय केलं ते लिहा.

सोनचाफा
एक गोष्ट यादीत नाही आणि युनिटला तीच सर्वात हवी असते: बाळ ठरल्या तारखेला परत आणणं. आरओपीची म्हणजे डोळ्याच्या पडद्याची पहिली तपासणी १२०० ग्रॅमच्या आतल्या बाळाची दोन-तीन आठवड्यांतच होते, पण एकदा 'ठीक' म्हणाले म्हणजे संपलं असं नसतं. पडदा पूर्ण तयार झाला असं डॉक्टर सांगेपर्यंत जात राहायचं. उशीर झाला तर नजर परत येत नाही. कानाची बेरा तपासणी (ऐकू येतं का ते बघणारी) झाली का, कार्डावर बघा. लसी जन्मतारखेने. मान धरणं, हसणं मात्र लवकर जन्मल्याचे ११ आठवडे (४० वजा २९) वजा करून मोजा: चार महिन्यांचं होईल तेव्हा ते दीड महिन्याचं समजायचं.

गोधडी
१७ नोव्हेंबर हा अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा जागतिक दिवस. बऱ्याच युनिट्समध्ये त्या दिवशी जुन्या बाळांना बोलावतात. तेव्हा एक फोटो लॅमिनेट करून न्या. युनिटच्या आतला, दुसऱ्यांची बाळं दिसणारा नको.

पिंपळपान_८१
सोमवारी पत्र घेऊन जातो, खुर्चीची जागा मोजून येतो. आरओपीची पुढची तारीख गुरुवारची आहे, चुकवणार नाही. फोटोखाली नाव लिहायचं का?

गोधडी
नाव नको. '२९ आठवडे, ११२० ग्रॅम' आणि त्याखाली त्या दिवशीचं वजन. ठसठशीत अक्षरात लिहा, बाहेरच्या बाकावरून वाचता येईल असं.