‘टेक’ म्हणजे ‘घेणे’ एवढे सांगून भागत नाही, मग मुलांना शिकवावे कसे?

काळीमाती (प्रश्न)

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावात मी आठवी ते दहावीच्या वर्गांना इंग्रजी शिकवतो. आमची मुले घरी वऱ्हाडी बोलतात, काहींच्या घरी गोरमाटी किंवा कोलामी चालते, शाळेत सर्वांना पुस्तकी मराठी लिहावी लागते आणि इंग्रजीचा क्रमांक त्यानंतर येतो. २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे, त्यामुळे शब्द मुलांच्या कानांवरून गेलेले असतात. अडचण शब्दांची नसून त्यांच्या वापराची आहे.

गेल्या आठवड्यात ‘आमची शेती’ या विषयावर दहा वाक्ये लिहायला दिली होती. एका मुलीने लिहिले, ‘वुई टेक कॉटन अँड तूर इन अवर फील्ड.’ तिला काय म्हणायचे आहे ते मला लगेच कळले, कारण आम्ही सगळेच कापूस आणि तूर घेतो. पण ज्याला मराठी येत नाही तो हे वाक्य वाचून असे समजेल की ही मंडळी शेतात शिरून कापूस उचलून नेतात. तिच्या मागच्या बाकावरच्या मुलाने ‘माय ब्रदर गेव्ह द एक्झाम’ असे लिहिले होते. मी लाल शाईने ‘गेव्ह’ खोडून ‘टुक’ केले, तेव्हा तो उभा राहून म्हणाला, “सर, परीक्षा तं तुम्ही घेता, भाऊ तं देते.” त्याचे म्हणणे मराठीत शंभर टक्के खरे होते आणि मला त्या क्षणी उत्तर सुचले नाही.

शब्दकोश उघडला तर ‘टेक’खाली अर्थांची एवढी लांब रांग आहे की ती फळ्यावर मावणार नाही. चिनी विद्यार्थ्यांना अशी क्रियापदे नामांच्या जोड्यांनी शिकवतात असे ऐकले आहे. आपल्या मुलांसाठी ती पद्धत उपयोगी पडेल का, आणि सुरुवात कोठून करावी, हे जाणकारांनी सांगावे.

निवृत्त मास्तर

तुमच्या विद्यार्थ्याचे अभिनंदन करा, कारण त्याने नेमक्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवले आहे. मराठीत आपण परीक्षेकडे कसोटी म्हणून पाहतो. जो कस लावतो तो परीक्षा घेतो आणि जो कसाला उतरतो तो ती देतो. इंग्रजीची नजर कसोटीवर नसून प्रश्नपत्रिकेवर आहे असे मुलांना सांगावे. शिक्षक कागद हातात देतात म्हणून ‘द टीचर गिव्ह्ज अ टेस्ट’, आणि विद्यार्थी तो कागद घेतो म्हणून ‘द स्टुडंट टेक्स अ टेस्ट’. हे व्युत्पत्तीचे शास्त्र नव्हे, लक्षात ठेवण्याची युक्ती आहे. पण माझ्या अनुभवात प्रत्यक्ष एक कोरा कागद हातात देऊन हे सांगितले की मुले पुन्हा चुकत नाहीत. ब्रिटनमध्ये तर परीक्षेला ‘सिट’ हे क्रियापदही चालते, आणि ‘परीक्षेला बसणे’ आपल्याकडेही आहेच, तेव्हा ज्याला ‘टेक’ पटत नसेल त्याने खुशाल बसावे.

सुरुवातीविषयी विचाराल तर अर्थ सांगायला सुरुवातच करू नका. आधी जेथे आपले ‘घेणे’ आणि त्यांचे ‘टेक’ हातात हात घालून चालतात त्या जोड्या द्या: काळजी घेणे म्हणजे ‘टेक केअर’, भाग घेणे म्हणजे ‘टेक पार्ट’, शपथ घेणे म्हणजे ‘टेक अन ओथ’, फायदा घेणे म्हणजे ‘टेक अ‍ॅडव्हांटेज’, सूड घेणे म्हणजे ‘टेक रिव्हेंज’. एवढ्याने मुलांना धीर येतो. निर्णयाच्या बाबतीत ‘टेक’ आणि ‘मेक’ दोन्ही चालतात, तेथे अडू नये.

त्यानंतर जेथे आपण ‘घेतो’ आणि इंग्रज घेत नाही त्या जागा याव्यात, आणि खेड्यातल्या मुलासाठी खरी गंमत येथेच आहे. पीक घेणे म्हणजे ‘ग्रो’. ग्रामसभा घेणे म्हणजे ‘होल्ड’. जन्म घेणे म्हणजे ‘बी बॉर्न’. मुलाखत घेणे म्हणजे नुसते ‘इंटरव्ह्यू’, ते नाम स्वतःच क्रियापद होते. शोध घेणे म्हणजे ‘सर्च’. पाहुण्याला आपण “चहा घ्या” म्हणतो, त्याचे ‘प्लीज टेक टी’ केले तर कोणी रागावणार नाही, पण आज ‘हॅव सम टी’ असेच म्हणतात. आणि तरीही चहात साखर चालते का हे विचारताना ‘डू यू टेक शुगर?’ हा प्रश्न अगदी शुद्ध आहे. असे का, हे मला विचारू नका.

एक अवांतर सांगतो. हे क्रियापद मूळचे इंग्रजांचे नाहीच. सुमारे हजार वर्षांपूर्वी स्कँडिनेव्हियातून येऊन इंग्लंडात वसलेल्या लोकांच्या भाषेतला ‘टाका’ हा शब्द त्यांनी घेतला आणि आपला जुना ‘निमन’ हा शब्द हळूहळू टाकून दिला. त्या जुन्या शब्दाची एक खूण अजून उरली आहे: बधिर या अर्थाचा ‘नम’. थंडीने बोटांतली जाणीव काढून घेतली म्हणून बोट ‘नम’ झाले. नववी-दहावीच्या मुलांना ही गोष्ट आवडते.

तुरीची शेंग

मास्तरांचा आदर राखून एक हरकत नोंदवतो. ‘गिव्ह अन एक्झाम’ हा प्रयोग विद्यार्थ्याच्या अर्थाने भारतभर बोलला जातो, हिंदी भाषकही तसेच बोलतात, आणि ऐकणाऱ्याचा गोंधळ होत नाही. कोट्यवधी लोक जे बोलतात त्याला लाल रेघ मारणे मला पटत नाही. बोलताना मुले अशी अडखळू लागली तर ती तोंडच उघडणार नाहीत.

निवृत्त मास्तर

बोलताना अडवू नये, हे मान्य. लिहिताना मात्र अडवावे, कारण लिहिलेले वाचणारा समोर नसतो. हाच मुलगा उद्या परदेशी माणसाला ‘आय गेव्ह द एक्झाम’ असे लिहून पाठवील, तर त्याला हा मुलगा परीक्षक वाटेल. येथे अर्थ उलटा होतो, म्हणून मी रेघ मारतो. ‘टेक टी’ला मारत नाही.

परतवाड्याकडचा

मी चार वर्षे यंत्रे बसवायला आलेल्या चिनी तंत्रज्ञांबरोबर काम केले आणि त्या निमित्ताने त्यांची भाषा थोडीफार शिकलो. त्यांचा आणि आमचा दुवा मोडके इंग्रजी हाच होता, त्यामुळे ‘टेक’वर ते कोठे घसरतात आणि आपण कोठे घसरतो हे रोज दिसत असे.

त्यांच्याकडे ‘टेक’चे काम अनेक क्रियापदांत वाटलेले आहे. हाताने धरून उचलायला ‘ना’ आणि बरोबर न्यायला ‘ताय’. या ‘ताय’पुढे जाण्याचा ‘छ्यू’ लागला की ‘घेऊन जाणे’ होते आणि येण्याचा ‘लाय’ लागला की ‘घेऊन येणे’ होते. आपल्या मराठीसारखेच आहे की नाही? म्हणूनच ‘टेक’ आणि ‘ब्रिंग’ यांत त्यांचा आणि आपला सारखाच घोटाळा होतो, कारण दोघांच्याही मनात मुख्य क्रियापद एकच असते आणि दिशा मागाहून जोडली जाते. इंग्रजीला मात्र पहिल्याच शब्दात दिशा ठरवावी लागते. आमच्याकडचा सहकारी फोनवर ‘ब्रिंग द स्पॅनर टू द अदर शेड’ म्हणे, आणि चिनी माणूस स्पॅनर घेऊन याच्याकडेच येई.

गाडीत ते ‘बसतात’, ‘टेक अ बस’ त्यांच्या मनात येत नाही. आपणही एसटीत बसतो, एसटी घेत नाही. औषध ते ‘खातात’, मग ते पातळ असो की गोळी. आपल्याकडेही म्हाताऱ्या माणसांना गोळ्या खाल्ल्या का असेच विचारतात. परीक्षेत ते ‘भाग घेतात’. त्यामुळे ‘ईट मेडिसिन’ ही त्यांची नेहमीची चूक असते, आणि आमच्या भागातल्या मुलांच्या वहीतही ती सापडेल.

एका बाबतीत मात्र आपले ओझे हलके आहे. चिनी क्रियापदाचे रूप बदलत नाही, काळ दाखवायला वेगळे शब्द येतात, त्यामुळे ‘टेक, टुक, टेकन’ ही तीन रूपे त्यांना डोंगराएवढी वाटतात. आपण घेतो, घेतला, घेतली, घेतले असे जन्मापासून करत आलो आहोत.

जोड्यांनी शिकवण्याबद्दल विचारले आहे, तर ती पद्धत चांगलीच आहे. फक्त जोड्या त्यांच्या यादीतून उचलू नका. त्यांच्या यादीत बस, औषध आणि छत्री असते. तुमच्या यादीत पीक, ग्रामसभा आणि सातबाराच हवा. सातबारा आपण ‘घेतो’ किंवा ‘काढतो’. इंग्रजीत त्याला ‘गेट’ बरे.

संत्राबाग

वरच्या चर्चेत वेळेचा विषय सुटला आहे, आणि माझ्या शिकवणीत सर्वांत जास्त चुका तेथेच होतात. ‘मला यवतमाळला जायला दोन तास लागले’ याचे इंग्रजी करताना मुले ‘आय टुक टू अवर्स’ असे लिहितात. ते सर्वस्वी चूक नाही, पण त्यातून काम करायला दोन तास घेतले असा सूर निघतो. सरळ वाक्य ‘इट टुक मी टू अवर्स टू रीच यवतमाळ’ असे आहे, आणि त्यातला तो रिकामा ‘इट’ मुलांना झेपत नाही. तो कोण, असे ती विचारतात.

मी येथे पुस्तकी मराठी बाजूला ठेवून वऱ्हाडीचा आधार घेते. “मले दोन घंटे लागले” हे वाक्य फळ्यावर लिहायचे आणि ‘मले’खाली ‘मी’ हा इंग्रजी शब्द लिहायचा. ‘मले’ आणि ‘मी’, दोन्ही ठिकाणी माणूस कर्ता नाही, ज्याला ते लागले तो आहे. ‘लागले’खाली ‘टुक’. मग मुले आपणच विचारतात की पुढे काहीतरी रिकामे राहिले, आणि ती रिकामी जागा ‘इट’ने भरायची. एवढे केले की ‘हाऊ लाँग डझ इट टेक?’ हा प्रश्न आपोआप येतो.

आणि मुलांना ‘टेक’चे अर्थ फार वाटत असतील तर त्यांना ‘लागणे’ मोजायला लावा. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, डोळा लागतो, वेड लागते, बसला गर्दी असली की रांग लागते. माझ्या वर्गात मुलांनी एका तासात चाळीसच्या वर वापर काढले होते. एखाद्या चिनी माणसाने मराठी शिकायला घेतली आणि ‘लागणे’ म्हणजे काय असे विचारले, तर आपण त्याला एक अर्थ सांगू शकू का? आपल्यालाही तो सोबतच्या नामावरूनच कळतो.

‘टेक ऑफ’, ‘टेक ओव्हर’, ‘टेक आफ्टर’ यांना मात्र या यादीत घालू नये. ती स्वतंत्र क्रियापदे समजून पुढच्या महिन्यात घ्यावीत; दोन्ही एकत्र आणले की मुले चपला काढणे आणि विमान उडणे यांच्यात अडकून पडतात.

काळीमाती

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल वर्गात कोरा कागद हातात देऊन परीक्षेचा प्रकार करून दाखवला. ज्याने हरकत घेतली होती तोच मुलगा म्हणाला की मग पेपर लिहून परत दिला, तेव्हा ‘गिव्ह’ झाले ना. मी त्याला सांगितले की परत दिला ती उत्तरपत्रिका, परीक्षा नव्हे. त्याचे पुरते समाधान झाले असे दिसले नाही, पण वहीत त्याने ‘टुक’ लिहिले.

‘मले दोन घंटे लागले’ फळ्यावर लिहिताच वर्ग हसला, कारण शाळेच्या फळ्यावर वऱ्हाडी त्यांनी प्रथमच पाहिली. नंतर मात्र ‘इट टुक मी’ची दहा वाक्ये त्यांनी न विचारता केली, त्यांत निंदणाला लागलेले दिवस होते, पऱ्हाटी वेचायला लागलेली माणसे होती. माणसांपाशी आम्ही पुन्हा थबकलो, कारण ‘इट टुक टेन विमेन’ हे बरोबर की ‘वुई नीडेड टेन विमेन’ हे, याचा निर्णय मला तेथल्या तेथे देता आला नाही. संत्राबाग, आपले मत कळवाल का?

कापसाचे वाक्य लिहिणाऱ्या मुलीने ‘ग्रो’ लगेच स्वीकारला. मग तिने विचारले की फोटो काढणे जर ‘टेक’ आहे आणि नोट्स काढणेही ‘टेक’ आहे, तर आम्ही सोयाबीन काढतो त्याचे काय. ‘हार्वेस्ट’ असे सांगितले, तर शेजारणीने दूध काढणे विचारले, तिसरीने रांगोळी. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा फळ्यावर ‘काढणे’ची अकरा वाक्ये होती आणि त्यांतल्या चौघांनाच ‘टेक’ चालत होते.

संत्राबाग

दोन्ही बरोबर आहेत. काम पुरे व्हायला किती माणसे खर्ची पडली हे सांगायचे असेल तर पुढे काम जोडून ‘इट टुक टेन विमेन टू पिक द कॉटन’ असे लिहावे. काम न जोडता नुसती गरज सांगायची असेल तर ‘नीडेड’. मजुरीचा हिशेब लिहायचा असेल तर दोन्ही टाळून ‘हायर्ड’ लिहायला सांगा. आणि ती ‘काढणे’ची अकरा वाक्ये पुसण्याआधी येथे उतरवून पाठवा.